बाबांचं बेट

४ ऑक्टोबर

पुष्पांजली,

रोज संध्याकाळी बाबांचा फोन तासभर अडकलेला असतो, कारण पलीकडे तू असतेस. माझा फोन मोकळाच असतो, पण आई गेल्यापासूनच्या तीन वर्षांत त्यावर तुझा नंबर उमटलेला नाही. म्हणून हे ईमेल. (हे पुरतं खरं नाही. मीही तुला फोन केलेला नाही.)

तुझ्या बेटाभोवती युद्धनौका फिरू लागल्या आहेत हे मला टीव्हीवरून कळलं. तिथे आपले इतके लोक आहेत, कारखान्यांतले कामगार, घरोघरी म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या बाया, त्या सगळ्यांना लढाई पेटायच्या आत समुद्रापार न्यायची आखणी तुझ्याकडे आली आहे, हे मात्र मला पानठेल्यावर भेटलेल्या यादोराव काकांकडून कळलं. त्यांना बाबांनी सांगितलं होतं. बाबांना तू. ज्या घरात मी बाबांना रोज अंघोळ घालते, त्याच घरातली बातमी मला पानठेल्यावरून फिरून आली.

तू कारखान्याची सुरक्षा अधिकारी, आगीच्या तालमी घेणारी, तेव्हा तिथल्या आपल्या लोकांच्या समितीने तुला निवडलं यात नवल नाही. नवल बाबांचं आहे. आई गेल्यापासून जो माणूस दाढी कर म्हटलं की भिंतीकडे तोंड फिरवत होता, तो आता चार वाजताच आरसा मागतो. फोनवर चेहरा दिसत नाही, हे मी त्यांना सांगितलं. म्हणाले, "आवाजात दिसते."

परवा त्यांनी तुला विचारलं, "बेट कसं आये वो पुष्पा, लांब का गोल?" तू म्हणालीस, वांग्यासारखं. लगेच मला हाक. "धुरपता, एक वांगं आन." भाजीला काढलेलं वांगं मी दिलं. ते आता अंगणात मांडलं आहे, देठाकडे बंदर, बुडाशी डोंगर, आणि भोवती लोट्याने ओतलेला समुद्र. काल कोंबडीने बेटाला चोच मारली तर बाबा काठी उगारून तिच्यामागे धावले. संडासापर्यंत जायला त्यांना माझा खांदा लागतो, पुष्पांजली. कोंबडीमागे धावले.

तुझे भाऊजी पोट धरून हसले. मला हसू आलं नाही, तर म्हणतात, "काऊन वो, तू आता बेटाचा बी हेवा करून राहिली काय? ते बिचारं आधीच बुडून राहिलं!"

मी म्हटलं, मी कशाला हेवा करू.

करते. निदान लिहिताना तरी खोटं नको. माझं नाव आजीने ठेवलं, धुरपता, जे तोंडाला आलं ते. तुझ्या वेळी बाबा सायकलने अर्जुनीला गेले आणि शाळेच्या मास्तरांना विचारून पुष्पांजली हे नाव घेऊन आले. पंचेचाळिशी आली, ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवते, आणि अजून हाच हिशेब डोक्यात आहे.

काळजी घे. हे मनापासून लिहिलं की शेवटी काहीतरी लिहायचं म्हणून, ते पाठवायच्या आत मला ठरवता आलेलं नाही.

धुरपता


९ ऑक्टोबर

पुष्पांजली,

तुझं उत्तर मिळालं. "ताई, तू लिहिलंस, फार बरं वाटलं. बाबांकडून पाण्याची पाळी शिकते आहे, तीच इथे लावायची आहे." दोन वाक्यं. त्यातलं एक बाबांचं.

बाबांनी चाळीस वर्षं गावच्या तलावाचं पाणी वाटलं. पानकर म्हणून कोणाच्या धानाला कधी पाणी द्यायचं ते त्यांनी सांगावं आणि गावाने ऐकावं. अजूनही ऐकतात. यंदा शेवटच्या पाण्याला कोणाचा नंबर, ते यादोराव काका रोज इथे येऊन विचारून जातात. फक्त आता त्यांना थांबावं लागतं, कारण आधी बेटाचा नंबर असतो.

मला सगळं ऐकू येतं. फोन कानाला लावला की बाबांना कळत नाही, म्हणून हल्ली स्पीकर. तुमची गुप्त योजना आख्ख्या आळीला पाठ आहे.

"जवळच्यायले आधी सोडशील तं दूरचे राहूनच जातील," बाबा सांगत होते. "तुडूम उघडलं का पानी आधी शेपटाले. बंदराजवळचे काय, घाई झाली तं पोहत बी जातील. डोंगराकडच्या बाया आधी आन."

तुडूम म्हणजे तलावाच्या पोटातलं पाणी सोडायचं दार, शेपूट म्हणजे पाटाचं शेवटचं टोक, हे तू समितीला चित्र काढून समजावलंस म्हणे. आणि समितीने त्या क्रमाला बाबांचंच नाव दिलं, उमराव-क्रम. हे ऐकल्यावर बाबा दोनदा खोकले आणि आळीत कोणी आहे का ते पाहू लागले. होतेच सगळे.

"उमरावभाऊ, बेट कितीक खाली झालं?" यादोराव काका रोज विचारतात.

"अजून तुडुंब भरलं आये. पहिला डोंगा पंधराले सुटते."

डोंगा! केवढं मोठं प्रवासी जहाज, तू पाठवलेला फोटो त्यांनी मलाच उघडायला लावला, आणि म्हणे डोंगा, तलावातली होडी.

आता जे मला सलतं ते. मंगळवारी मी बाबांना म्हटलं, त्या बाया ज्या म्हाताऱ्यांची सेवा करतात त्यांना एकटं टाकून निघतील का? आधी त्या म्हाताऱ्यांची सोय लावा, नाहीतर जहाज रिकामं जाईल. बाबा म्हणाले, "तू चहा ठेव." चहा घेऊन बाहेर आले तर ते तुला सांगत होते, "अन् पुष्पा, म्या इचार केला, त्या म्हाताऱ्यायचं आधी पाहा." तू म्हणालीस, "बाबा, हे आमच्या कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं!"

मी चहा ठेवून आत गेले. साखर टाकायला विसरले होते. बाबांनी ते मात्र लगेच माझ्या लक्षात आणून दिलं.

हे तुला सांगायचं कारण काय, मी स्वतःला विचारलं. श्रेय हवं आहे? माणसं वाचायची आहेत आणि मला श्रेय हवं आहे. हो, हवं आहे. थोडं.

कैलाश नावाचा वेल्डर तुझ्या समितीत आहे आणि तो दरेकशाचा आहे हे ऐकून बाबा खूश झाले. म्हणाले, डोंगरातला माणूस, टिकल.

धुरपता


१४ ऑक्टोबर

पुष्पांजली,

हे पत्र पाठवेन की नाही, माहीत नाही.

काल तू बाबांना विचारलंस, "सगळ्यांच्या पाळ्या लागल्या, बाबा. माझी कधी लावू? समितीचे लोक म्हणतात, दुसऱ्या फेरीत जा."

मी पडवीत तांदूळ निवडत होते. बाबांनी विचारही केला नाही.

"पाळी लावनाऱ्याची पाळी आखरीले. आपल्या घरानं पहिलं पानी कधी घेतलं नाई, बाई."

"हो बाबा."

इतकंच. हो बाबा. जणू धानाच्या पाण्याची गोष्ट चालली होती. शेवटची फेरी निघेल तेव्हा त्या बंदरावर काय पडत असेल, हे तुला कळत नव्हतं असं नाही. आणि त्यांना कळलं, पण फोन ठेवल्यावर. बराच वेळ ते वांग्याकडे पाहत बसले. अंगणातला समुद्र वाळून गेला होता, तो पुन्हा ओतायला त्यांनी लोटा मागितला नाही. भात नको म्हणाले.

तेव्हाच माझ्या मनात एक गोष्ट आली होती. तुला लगेच फोन करून सांगता आली असती. मी केला नाही. तांदूळ निवडत राहिले.

रात्री वहीत कारणं लिहून पाहिली. बाप-लेकीच्या मध्ये कशाला पडा. बाबांचा शब्द कसा मोडायचा. सगळी खोडली. खरं कारण हे, की त्या क्षणी मला तुझा हेवा वाटला. मरणाच्या काठावर उभ्या असलेल्या बहिणीचा. बाबा "आपल्या घरानं" म्हणाले आणि त्या घरात तू होतीस. एवढं मोठं काही त्यांनी माझ्याकडे कधी मागितलं नाही. माझ्याकडे ते चष्मा मागतात.

आज सकाळी वर्गात कालचाच धडा पुन्हा शिकवला. पोरींना वाटलं, मॅडमना बरं नाही.


१७ ऑक्टोबर

पुष्पांजली,

वरचं पत्र पाठवलं नव्हतं. आता यासोबत पाठवते. ते वाच किंवा वाचू नकोस, पण हे वाच.

पहिल्या फेरीचं काय झालं ते काल ऐकलं. तुझ्याकडून सगळ्या बाया नीट चढल्या. पलीकडच्या बंदरावर मात्र त्यांना ओळखणारं कोणीच नव्हतं. कोणी या शेडमध्ये गेलं, कोणी त्या, आणि काहीजणींना कुठला तरी दलाल कामाला लावतो म्हणून गाडीत बसवून घेऊन गेला. त्या सापडेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. तू बेटावरच्या धक्क्यावर उभी राहून फोनवर रडत होतीस. मला तुझं रडणं स्पीकरवर ऐकायला लागलं.

आज पहाटे बाबांनी मला हाक मारली. अंघोळीची वेळ नव्हती.

"धुरपता, तू सांग तिले."

"काय सांगू?"

"का येऊन जा म्हना."

"तुम्हीच सांगा ना. तुमचंच ऐकते ती."

"म्या बोलून बसलो ना वो! पानकरानं बोललेली पाळी फिरवली तं उद्या कोन मानल? पुष्पा बी मानाची नाई. माही पोरगी होये ते."

पाहिलंस? माझ्याकडे पहिल्यांदा काही मोठं मागितलं, तेही तुझ्यासाठी. आणि "माही पोरगी" म्हणताना ते माझ्याकडेच पाहत होते, ते कळलंसुद्धा नाही त्यांना.

असो. तेव्हा तांदूळ निवडताना जे मनात आलं होतं ते आता सांगते.

तू तुडुमावर वाढलीस, बाबांच्या खांद्यावर. तलावाच्या पारीवरून तुला पाणी सुटताना दिसायचं, लोक बाबांना रामराम घालताना दिसायचे. मी तिथे नसायची. मी कुठे असायची, हा प्रश्न तुला कधी पडला का? पाणी सोडायच्या आधी बाबा मला पाटाच्या कडेकडेने पुढे पाठवायचे, गावाच्या पार टोकाला, सगळ्यात शेवटच्या धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, बांधावर बसायला. सोबतीला बगळे. पाणी पोचलं की मी हाक द्यायची, ती हाक एका बांधीवरून दुसऱ्या बांधीवर अशी तुडुमापर्यंत जायची. ती ऐकू आल्याशिवाय बाबा पाळी पुढे सरकवत नसत. कारण मधेच कोणी पाट फोडला, पाणी नाल्यात गेलं, तर तुडुमावर उभ्या माणसाला ते दिसणार कसं? तिथून पाणी गेलेलंच दिसतं.

तुझ्या धक्क्यावरूनही जहाज गेलेलंच दिसलं.

आपल्या घराने पाणी शेवटी घेतलं हे खरं. पण आपल्या घरचं एक माणूस पाण्याच्याही आधी शेपटाला जाऊन बसलेलं असायचं. रीत दोन्ही मिळून होती. तुला अर्धीच माहीत आहे, कारण दुसरी अर्धी मी होते.

दुसऱ्या फेरीत जा. पलीकडे तुझ्याशिवाय प्रत्येकाला नावाने ओळखणारं कोण आहे? बेटावरचा धक्का कैलाशकडे दे.

धुरपता


१८ ऑक्टोबर

पुष्पांजली,

"ताई, ही रीत खरी आहे, की मला वाचवायला तू बनवलीस? आणि कैलाशला मागे ठेवून मी जाऊ?"

तू हे विचारशील असं वाटलंच होतं. उत्तर देण्याआधी मी बाबांना विचारून आले.

"बाबा, शेपटाला माणूस बसवायचा नियम होता का?"

"नेम कायचा? तसंच करत होतो. सांगाले कायले लागते?"

"मग मलाच काऊन पाठवत होते? पुष्पाला का नाही?"

"पुष्पा? ते तं तिथंच झोपून गेली असती." मग सुपारी तोंडात टाकली. "अन् तिच्या हाकेवर कोनी पाळी सोडली असती का? तुही हाक आली का यादोराव म्हने, धुरपता बोलली, म्हंजे पानी आलंच. दुसऱ्याची आली तं मानूस पाठवून पाहा लागे."

हे त्यांनी मला चाळीस वर्षांत सांगितलं नव्हतं. सांगून झाल्यावर चष्मा मागितला.

तर उत्तर. असा नियम कोणी उच्चारलेला नाही. पण बाबा प्रत्येक पाण्याला तसंच करत होते. मी तिथे बसलेली आहे, म्हणून मला माहीत. बनवलेलं नाही.

पण तुला कळावं म्हणून हेही लिहिते. कालचं पत्र लिहिताना मला आनंद होत होता, आणि तो आधी तुझ्या जिवाचा नव्हता. जे बाबांनी तुला दिलं नाही ते माझ्याकडे निघालं, त्याचा होता. तुझा जीव त्यानंतर आठवला. किती नंतर, ते मोजायचं धाडस नाही.

कैलाशचं उत्तर माझ्याकडे नाही. दरेकशाच्या स्टेशनाजवळ त्याची आई राहते असं बाबा म्हणतात. तिच्याही घरात कोणीतरी अशीच पत्रं लिहीत असेल. मी कोणत्या तोंडाने म्हणू, की त्याला ठेव आणि तू ये? त्याला हुकूम देऊ नकोस. विचार. तो थांबतो म्हणाला तर तू जा. तो म्हणाला, पलीकडे मी जातो, तर त्याला पाठव आणि तू थांब.

हे वाक्य लिहून मी स्वयंपाकघरात जाऊन आले. खोडायचं होतं. खोडलं नाही. रीत खरी असेल तर तिने माझ्या बहिणीपुरतं खरं असून भागणार नाही.

तुझ्या भाऊजींना वाचून दाखवलं. ते पहिल्यांदाच काही चेष्टा न करता उठून गेले.

धुरपता


२८ ऑक्टोबर

पुष्पा,

कैलाश काय म्हणाला ते तू कळवलंस तेव्हा बाबांनी मला ते दोनदा वाचायला लावलं. "पुष्पाताई, तिकडच्या साहेबांशी भांडायला इंग्रजी लागते, ती तुमच्याकडे. इथं शिव्या लागतात, त्या माझ्याकडे. तुम्ही जा." तू गेलीस. त्यानंतरच्या प्रत्येक फेरीला तू पलीकडच्या बंदरात उभी राहिलीस, उतरलेल्या एकेकाला नावाने हाक मारलीस, आणि कोणीही हरवलं नाही. हे सगळं तू बाबांना सांगायचीस आणि मी पडवीतून ऐकायची. जळत ऐकायची. तेही खोटं लिहिणार नाही.

मग परवा बेटावर पहिले बॉम्ब पडले. बंदरावरच. शेवटची फेरी सुटली होती की नाही, कोणालाच सांगता येईना. कैलाशचा फोन बंद. तुझा वाजत राहायचा, तू उचलत नव्हतीस. यादोराव काका येऊन काही न विचारता बसून गेले. बाबांनी आरसा मागितला नाही. त्यांनी एकदाच विचारलं, "धुरपता, म्या त्या दरेकशाच्या पोराची पाळी लावली काय वो?" मी म्हटलं, नाही बाबा, ती मी लावली.

आज दुपारी तास संपवून बाहेर आले तर तुझा निरोप होता.

"ताई, शेवटची फेरी लागली. सगळे उतरले. कैलाशही. हाताला पट्टी आहे, पण कोणाला तरी शिव्या देतोय. मी बाबांना फोन केलेला नाही. त्यांना तू सांग."

मी कॉलेजच्या पायरीवर बसले. मग बस धरली. घरी आले तेव्हा बाबा अंगणात खाटेवर होते. त्यांनी मान वर करून पाहिलं. मी म्हटलं, "चप्पल काढून येते, बाबा," आणि आत येऊन दार लोटून हे लिहायला बसले.

का, ते तुला सांगते. तुझी बातमी आजपर्यंत नेहमी माझ्याआधी त्यांच्याकडे गेली. तुझ्या नोकरीची, तुझ्या बेटाची, तुझ्या युद्धाची. ही एक तू आधी माझ्या हातात दिलीस. सगळ्या गावात ती फक्त मला माहीत आहे. काही मिनिटं ती माझी एकटीची असावी, असं वाटलं. बाहेर एक म्हातारा माणूस श्वास धरून बसला आहे आणि मी आत त्याची बातमी उराशी धरून बसले आहे. हे बरोबर नाही. मला माहीत आहे, आणि तरी मी हे वाक्य पूर्ण करते आहे.

त्यांनी हाक मारली. "धुरपता."

"काई कळलं काय वो?"

आवाज फाटला त्यांचा. जाते.

ताई